श्रोत्यांचा कौल

चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून ज्याचे पूजन आपण करतो, त्या श्रीगणेशाचा उत्सव हा डोळ्यांइतकाच कानांचाही उत्सव आहे. मखराची शोभा पाहणारा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो; आरतीची झांज, भजनाचा ठेका आणि कीर्तनकाराच्या चिपळ्या मात्र ऐकणाऱ्याला जागच्या जागी बसवून ठेवतात. मेळे, भजने, कीर्तने आणि गायनाच्या बैठका यांनी या दहा दिवसांत महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या कानांवर स्वरांचे संस्कार केले. हा उत्सव आता घराघरांतील पडद्यावरही पोहोचला आहे आणि त्याच्याबरोबर एक नवा प्रघात आपल्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे. गायक दूर कोठेतरी गात असतो, श्रोते अनेक घरांतून ऐकत असतात आणि मध्येच पडद्यावर प्रश्न उमटतो : यापुढे काय ऐकावयाचे? ज्या पर्यायावर अधिक बोटे पडतील, तो पुढे येतो. श्रोत्यांच्या निवडीने आकार घेणाऱ्या या दूरस्थ संगीताचे स्वागत करावे की त्याविषयी सावध असावे, याचा विचार उत्सवाच्या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, गाण्यात श्रोत्याचा वाटा असणे ही आपल्याकडे मुळीच नवी गोष्ट नव्हे. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी प्रेक्षकाला नाट्यपदांची जी गोडी लागली, तिच्यातूनच ‘वन्समोर’ची रीत रुजली. बालगंधर्वांच्या काळी एकेक पद रसिकांच्या आग्रहाखातर पुनःपुन्हा गाइले जाई आणि नाटक रात्र सरेपर्यंत चाले. गायनाच्या बैठकीत तर श्रोता हा जणू आणखी एक साथीदारच. समेवर डोलणारी मान, योग्य जागी उमटणारी दाद आणि नको तेथे पाळलेले मौन यांवरून गायक आपला विस्तार वाढवतो वा आवरता घेतो. नभोवाणीच्या युगात हाच आग्रह टपालाने जाऊ लागला. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’, १९५७ साली स्थापन झालेल्या विविध भारतीवरील फर्माईशीचे कार्यक्रम आणि मुंबई आकाशवाणीची ‘आपली आवड’ यांनी पोस्टकार्डावरची फर्माईश घरोघरी परिचित केली. आपण धाडलेल्या पत्रातील नाव ध्वनिक्षेपित व्हावे म्हणून श्रोते आठवडेच्या आठवडे वाट पाहत असत.

तेव्हा फर्माईश जुनी आहे. परंतु त्या जुन्या रीतीत एक मर्यादा होती आणि ती मर्यादाच तिचे सौंदर्य होते. बैठकीत फर्माईश करणारा गायकासमोर बसलेला असे. त्याची जाण कितपत आहे, हे गायकाला दिसे आणि गायकाचा थकवा वा रंग श्रोत्यालाही दिसे. एखाद्याने बैठकीच्या मध्यावरच भैरवी मागितली, तर बुवा हसून ती बाजूला सारीत. कारण भैरवी झाली की बैठक संपली, हा संकेत दोघांनाही ठाऊक होता. मागणे हा श्रोत्याचा अधिकार, तर नाकारणे हा कलावंताचा. आणि नाकारल्यावरही उठून न जाता ऐकत बसणे हा रसिकतेचा धर्म. आजच्या प्रघाताची पारख करताना या तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात.

श्रोत्यांच्या निवडीने कलाकृतीचा मार्गच बदलावा, हा विचार पाश्चात्य संगीतकारांनी विसाव्या शतकात मोठ्या गांभीर्याने हाताळला. बेल्जियमचा संगीतकार आंरी पूस्यूर आणि फ्रेंच साहित्यिक मिशेल ब्यूतोर या दोघांनी १९६० ते १९६८ या काळात ‘व्होत्र फाउस्ट’, म्हणजे ‘तुमचा फाउस्ट’, हे संगीतनाटक रचले. जानेवारी १९६९ मध्ये इटलीतील मिलान शहरी, पिक्कोला स्काला या नाट्यगृहात त्याचा प्रथम प्रयोग झाला. एका तरुण संगीतकाराला नाट्यगृहाचा चालक फाउस्टच्या कथेवर ऑपेरा लिहावयास सांगतो, असे त्याचे कथानक. त्याच्या आयुष्याने पुढे कोणते वळण घ्यावे, हे प्रेक्षकांनी मतदानाने ठरवावयाचे. आणि नाटक पुढे सरकल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून आवाज देऊन हस्तक्षेपही करावयाचा, अशी योजना होती. शेवटही एकच नव्हता.

हे ऐकून कोणासही वाटेल की, प्रेक्षकच सारे ठरवणार असतील तर रचनाकाराला काय काम उरले? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. श्रोत्याला एका ठिकाणी निवड द्यावयाची, तर रचनाकाराला तेथून निघणाऱ्या दोन वाटा बांधाव्या लागतात. अशी तीन ठिकाणे ठेवली, तर दोनाचे चार आणि चाराचे आठ, असे आठ निराळे प्रयोग सिद्ध ठेवावे लागतात. आणि त्यांपैकी प्रत्येक वाट कानाला स्वाभाविक वाटली पाहिजे, श्रोत्याने कोणतीही निवडली तरी तो फसता कामा नये. या दोघांचे श्रम आठ वर्षे चालले, यात नवल नाही. निवडीचा अधिकार खऱ्या अर्थाने देणे म्हणजे स्वतःचे काम कित्येक पटींनी वाढवून घेणे होय. चार लोकप्रिय गीतांची यादी पडद्यावर टाकून ‘यांतले कोणते?’ असे विचारणे, हे त्या मानाने फार स्वस्तातले औदार्य आहे.

आंतरजालाचा प्रवेश झाला तो १९९० नंतरच्या दशकात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या मीडिया लॅबमधील संगीतकार टॉड मॅकओव्हर याने ‘ब्रेन ऑपेरा’ ही कृती जुलै १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर महोत्सवात सादर केली. मार्व्हिन मिन्स्की या शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, मन ही एक अखंड वस्तू नसून लहानलहान घटकांचा तो एक समाज आहे. त्या विचारावर ही कृती आधारलेली होती. श्रोते आधी एका मोठ्या दालनात जात. तेथे तबकड्यांवर थाप मारून वाजवावयाचा ‘तालवृक्ष’ होता, हातवाऱ्यांनी स्वर निघणारी भिंत होती, बोट फिरवून सुरावट रेखाटण्याचे फलक होते. श्रोत्यांनी तेथे जे गाइले, बोलले वा वाजवले, त्यातील अंश नंतर तीन वादकांच्या सुमारे पाऊण तासाच्या मुख्य प्रयोगात विणले जात आणि आंतरजालावरून दूरच्या श्रोत्यांनाही आपला वाटा उचलता येई. पुढे अनेक देशांत प्रयोग झाल्यानंतर २००० साली ही कृती व्हिएन्नातील ‘हाउस डेर म्युझीक’ या संगीतसंग्रहालयात कायमची ठेवण्यात आली.

त्या दालनातील एका यंत्राचा उल्लेख येथे मुद्दाम करावयाचा आहे. त्याचे नाव ‘गाणारा वृक्ष’. श्रोत्याने त्याच्यापाशी जाऊन केवळ एकच स्वर, जमेल तितका स्थिर, लावावयाचा. स्वर जितका शुद्ध आणि अचल, तितकी त्याला मिळणारी साथ अधिक मधुर होई आणि पडद्यावरचे चित्र उलगडत जाई. स्वर डळमळला की साथही विस्कटे. ज्या घरात पहाटे तंबोऱ्यावर षड्ज लावण्याची साधना चालते, त्या घराला यातले मर्म समजावून सांगावयास नको. ते यंत्र श्रोत्याला ‘तुला काय हवे?’ असे विचारीत नव्हते. ‘तू काय देऊ शकतोस?’ असा त्याचा प्रश्न होता. श्रोत्याचा सहभाग दोन प्रकारचा असतो, मागण्याचा आणि देण्याचा. आणि या साऱ्या नव्या प्रयोगांचे मोल त्यांतील कोणत्या प्रकाराला ते जागा देतात, यावर ठरते.

१९९७ साली विल्यम डकवर्थ या अमेरिकन संगीतकाराने आंतरजालासाठीच रचलेल्या ‘कॅथीड्रल’ या कृतीतही देण्याला जागा होती. घरी बसलेल्या श्रोत्याला पडद्यावरील वाद्य वाजवून संगीतात आपली भर घालता येत असे. मॅकओव्हरनेच पुढे कॅनडातील टोरंटो नगरीच्या रहिवाशांना त्यांच्या शहराचे ध्वनी पाठवावयास सांगितले, आंतरजालावरील साधनांनी काही भाग घडवावयास दिले आणि त्यातून उभी राहिलेली रचना मार्च २०१३ मध्ये तेथील सिम्फनी वाद्यवृंदाने वाजवली. आपल्या गल्लीतला आवाज मोठ्या वाद्यवृंदात ऐकू आल्यावर नागरिकांना केवढे समाधान वाटले असेल, याची कल्पना करावी.

मग असे असताना दूरस्थ मैफलींत देण्यापेक्षा मागण्याचाच प्रकार अधिक का बोकाळला? याचे उत्तर केवळ लोकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. त्यात निसर्गाच्या नियमाचाही भाग आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून दहा मीटर अंतरावर बसलेल्या वादकाचा नाद आपणांस सेकंदाच्या सुमारे तीस सहस्रांशांनी उशिरा ऐकू येतो. इतपत उशीर कान सांभाळून घेतो. त्यापलीकडे एकत्र वाजवणाऱ्यांची लय हळूहळू ओढली जाऊ लागते. आता काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो हे खरे. परंतु मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतचे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे अगदी सरळ तार टाकली, तरी एका दिशेने जाण्यासच साठाहून अधिक सहस्रांश सेकंद लागणार आणि जाऊन येण्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय धरली, तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. त्यातली अर्धी मात्रा वाटेतच हरवली! प्रत्यक्षात चित्र आणि ध्वनी यांची बांधणी-उलगडणी होताना याहून कितीतरी अधिक वेळ जातो.

याचा अनुभव साऱ्या महाराष्ट्राने २०२० साली घेतला. महामारीमुळे घराघरांची दारे बंद होती आणि विखुरलेल्या कुटुंबांनी पडद्यासमोर बसून एकत्र आरती करण्याचा प्रयत्न केला. पुण्याची टाळी पडे तेव्हा नागपूरचे कडवे मागे असे, परदेशातील लेकीचा आवाज एका ओळीने उशिरा पोहोचे. अखेरीस एकाने म्हणावे आणि इतरांनी आपापला आवाज बंद करून ओठ हलवावेत, हाच तोडगा निघाला. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर याने २०१० साली १२ देशांतील १८५ गायकांचे जे वृंदगान आंतरजालावर आणले, त्यातही प्रत्येकाने आपला भाग स्वतंत्रपणे मुद्रित करून धाडला होता आणि ते आवाज मागाहून एकत्र जोडले होते. तात्पर्य, तारेवरून मत पोहोचते, टाळ पोहोचत नाही. मतास दोन सेकंद उशीर झाल्याने काही बिघडत नाही. टाळेला अर्ध्या मात्रेचा उशीर झाला तर भजन मोडते. म्हणून दूरस्थ संगीताने श्रोत्याच्या हातातील टाळ काढून घेतली आणि तिच्या जागी निवडीचे बटण दिले. ही अदलाबदल नीट ओळखली पाहिजे, कारण बटण हाती आल्याच्या आनंदात टाळ गेल्याचे भान राहत नाही.

याचा अर्थ ते बटण तुच्छ आहे, असा नव्हे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला, परमुलखात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला वा रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेला गावच्या मंडळाच्या कीर्तनात काही म्हणता यावे, हे लहानसहान भाग्य नव्हे. ज्यांना मांडवात येता येत नाही, त्यांच्या बोटालाच त्यांचा आवाज समजले पाहिजे. आमचा आक्षेप निवडीला नाही. बंधनमुक्त निवडीला आहे.

कारण निवड मोकळी सुटली की ती दोन वाटांनी भरकटते. पहिली वाट बहुमताची. जे आधीच सर्वांना ठाऊक आहे, त्यालाच सर्वाधिक मते पडणार, हे उघड आहे. मतावरच चालणाऱ्या मैफलीत अनवट रागाला, अपरिचित संतकवीला वा नव्या गायकाच्या नव्या चालीला वाव कोठून मिळावा? आपल्या आवडीची आज जी गीते आहेत, तीही कधीकाळी अनोळखीच होती. कोणीतरी आपल्या मताची वाट न पाहता ती ऐकवली, म्हणून ती आवडती झाली. दुसरी वाट द्रव्याची. थेट प्रक्षेपणात पैसे भरून आपला संदेश इतरांहून ठळक करून घेण्याची सोय यूट्यूबवर २०१७ सालापासून झाली आहे. तमाशाच्या फडावर दौलतजादा करणाऱ्याची फर्माईश आधी पुरी होई, हे सर्वांस ठाऊक आहे; फडाचा तो रिवाज होता आणि पोट भरण्याची कलावंतांची ती निकडही होती. परंतु कीर्तनकाराला बिदागी देण्याची आपली रीत निराळी आहे. बिदागी कीर्तन झाल्यावर देतात आणि ती देणारा आख्यान बदलून मागत नाही. देवापुढे चालणाऱ्या गाण्यात फर्माईशीला दर लागला, तर त्या मांडवात आणि बाजारात अंतर ते काय राहिले?

‘कौल’ हा शब्द आज आपण मताच्या अर्थाने सर्रास वापरतो, पण त्याचे एक जुने घर देवळातही आहे. कोकणात आणि गोव्यात अनेक देवस्थानांत मूर्तीला फुलांच्या पाकळ्या वा पाने लावून, गाऱ्हाणे घालून कौल मागतात. पाकळी उजवीकडची पडली तर एक अर्थ, डावीकडची पडली तर दुसरा. या विधीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्यातील शिस्त मात्र पाहण्यासारखी आहे. कौल मागणारा आधी स्नान करून, मन एकाग्र करून उभा राहतो. प्रश्न एकच आणि नेमका विचारतो. आणि उत्तर मनाविरुद्ध आले तरी ते शिरोधार्य मानून घरी जातो. मागण्यापूर्वी तयारी आणि मिळाल्यावर स्वीकार, या दोन तीरांमध्ये कौल वाहतो.

दूरस्थ मैफलीतील कौलालाही असेच दोन तीर हवेत. पर्याय ठेवणाऱ्याने ते विचारपूर्वक ठेवावेत. आपल्या नारदीय कीर्तनाची बांधणीच पाहा. पूर्वरंगात एखाद्या सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला पोषक असे आख्यान लावले जाते. पूर्वरंग कोणता असावा, हे मतावर सोडण्याचे कारण नाही; ते कीर्तनकाराच्या व्यासंगाचे क्षेत्र आहे. परंतु निरूपण अढळ निष्ठेचे असेल, तर उत्तररंगात ध्रुवाचे आख्यान लावावे की प्रल्हादाचे, हे श्रोत्यांना खुशाल विचारावे. दोन्ही वाटा एकाच सिद्धान्ताशी पोहोचतात. आणि दोन्ही आख्याने तयार ठेवणाऱ्या बुवांचा कसही त्यात लागतो. निवडीची जागा अशी असावी. मतांची मोजणी सर्वांस दिसेल अशी असावी, तीत द्रव्याला प्रवेश नसावा आणि ‘हे आज नाही’ असे म्हणण्याचा कलावंताचा अधिकार अबाधित असावा.

श्रोत्याच्या बाजूचा तीर याहून महत्त्वाचा आहे. आपण निवडलेले आले नाही की पडदा बंद करून दुसरीकडे जाणे आज फार सोपे झाले आहे. बैठकीतून उठून जाताना चार लोकांचे गुडघे ओलांडावे लागत आणि त्या संकोचाने का होईना, माणूस बसून राही. कित्येकदा त्या बसून राहण्यातच त्याला नवा राग भेटे. आता हा संकोच कोणी लादू शकत नाही. तो स्वतःच पाळावयाचा आहे. शेजाऱ्याने मागितलेले आपण ऐकले नाही, तर आपण मागितलेले त्याने का ऐकावे? अनेकांच्या निवडीतून एक मैफल उभी राहावयाची असेल, तर हरलेल्या मताने अखेरपर्यंत बसून राहिले पाहिजे. ज्याला हे साधले, तोच खरा सहभागी. बाकीचे केवळ गिऱ्हाईक.

यंदाच्या उत्सवात ज्या मंडळांनी दूरच्या श्रोत्यांसाठी असे कार्यक्रम योजिले असतील, त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. कुटुंबीयांना मात्र एकच विनंती करावीशी वाटते. पडद्यावर कौल द्यावा, अवश्य द्यावा. परंतु घरातली आरती पडद्यावर सोपवू नये. देवघरापुढे एका हाताच्या अंतरावर उभी असलेली माणसे ज्या क्षणी टाळी वाजवतात, त्याच क्षणी ती एकमेकांस ऐकू येते. लहान मुलाची झांज चुकली, तर आजोबांच्या हाताकडे पाहून ते ती सावरते. ताल शिकण्याची ही आपली पहिली शाळा आहे आणि तिला अद्याप कोणत्याही तारेने पर्याय दिलेला नाही. बटण दाबण्यास कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. टाळ धरण्यास मात्र शिकवावे लागते आणि ते काम घरातल्या वडीलधाऱ्यांनी आज संध्याकाळच्या आरतीपासूनच हाती घ्यावे.